तळघरातली भरती

तर झालं असं. २ जुलै २०२३, रविवार. शिकागोच्या रस्त्यांवर नॅस्कारची शर्यत त्याच वीकेंडला पहिल्यांदा होत होती आणि मी आणि बाबा टीव्हीसमोर ठाण मांडून बसलो होतो. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. आई वाळलेले कपडे आणायला बेसमेंटमध्ये गेली आणि खालूनच ओरडली, "अरे, मोरी उलटी वाहतेय!"

धावत गेलो. फरशीतल्या जाळीतून काळपट पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. ते नुसतं पावसाचं पाणी नाही हे सांगायला नाकच पुरेसं होतं. तासाभरात आठ इंच चढलं. नंतर हिशोब केला (इंजिनिअरला दुसरं काय सुचणार!), २५ बाय ४० फुटांच्या बेसमेंटमध्ये आठ इंच म्हणजे जवळजवळ १९ हजार लिटर. पुण्याच्या सोसायटीत येतात तसे दोन टँकर, फक्त गटाराचे. पुण्याहून दर खेपेला किलोकिलोने आणलेली पुस्तकं खाली खोक्यांत होती. ती सगळी गेली.

बाबांचं सगळं आयुष्य दादरला, हिंदमाताच्या जवळ गेलेलं. पायरीवर उभं राहून शांतपणे बघत ते म्हणाले, "हे तुंबलेलं नाही रे. तुंबलेलं पाणी असं चढत नाही. भरती आलीय." मी म्हटलं, "बाबा, इथून समुद्र हजार किलोमीटरवर आहे." ते म्हणाले, "मग पाइपात आलीय."

मला अर्थातच पटलं नाही. माझी थिअरी सोपी होती. घर १९२६ सालचं, पाइप मातीचा, झाडाची मुळं आत गेली असणार. दोन दिवसांनी प्लंबरने पाइपात कॅमेरा घातला. घरापासून रस्त्याखालच्या मेन लाइनपर्यंत पाइप स्वच्छ! म्हणजे बग माझ्या कोडमध्ये नव्हताच. मग हे पाणी आलं कुठून? पुढचे दोन-तीन वीकेंड मी हेच शोधत बसलो, आणि शोधत शोधत पोचलो थेट १८५५ सालात.

तेव्हाचं शिकागो म्हणजे दलदल. जमीन परातीसारखी सपाट आणि मिशिगन तलावाच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही फूट उंच. सांडपाणी वाहायला उतार लागतो आणि इथे उतारच नाही. १८४९ मध्ये कॉलरा आला, १८५४ मध्ये पुन्हा आला आणि हजाराहून जास्त माणसं गेली. तेव्हा शहराने बॉस्टनहून एलिस चेसब्रो नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. त्याचं उत्तर ऐकून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो. खाली खणता येत नाही ना? मग पाइप जवळजवळ जमिनीवरच टाका, वर भराव घाला आणि अख्खं शहर वर उचला!

आणि उचललं की हो! इमारतींच्या पायाखाली स्क्रू-जॅक लावायचे, शिट्टी वाजली की प्रत्येक माणसाने आपले जॅक थोडे थोडे फिरवायचे. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची दुकानांची सलग रांग ६०० माणसांनी ६००० जॅक लावून पाच दिवसांत ४ फूट ८ इंच उचलली. ज्यांना घर उचलणं परवडलं नाही त्यांची घरं होती तिथेच राहिली आणि रस्ता वर गेला. पिल्सन भागात आजही अशी घरं दिसतात, जिथे फुटपाथवरून पाच-सहा पायऱ्या *उतरून* दारात जावं लागतं. एकेकाळचा तळमजला तिथे बेसमेंट होऊन बसलाय.

चेसब्रोने अजून एक निर्णय घेतला. पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच पाइपात. त्या काळी ते शहाणपणाचं होतं. एकच पाइप, खर्च कमी, आणि पाऊस आला की गटार आपोआप धुऊन निघतं. पण शहर वाढलं. मातीच्या जागी डांबर आलं, छपरांच्या पन्हाळी त्याच पाइपाला जोडल्या गेल्या. मोठा पाऊस आला की पाइप काठोकाठ भरतो आणि त्यातलं पाणी चढायला लागतं. पाण्याला पातळी कळते, मालक कळत नाही. मेन लाइनमधली पातळी बेसमेंटच्या फरशीपेक्षा वर गेली की सगळ्यात खालचं उघडं तोंड शोधून ते बाहेर येतं. माझ्याकडे ते तोंड म्हणजे मोरीची जाळी. हिंदमाताला समुद्राची पातळी चढली की पावसाचं पाणी बाहेर पडत नाही, इथे पाइपातली पातळी चढते. बाबा शब्दशः बरोबर होते. असो.

पुढचा इतिहास म्हणजे पॅचवर पॅच. गटारं नदीत, नदी तलावात, आणि पिण्याचं पाणी त्याच तलावातून. म्हणून १८६७ मध्ये तलावाखालून दोन मैल बोगदा काढून लांबून पाणी घेतलं. तेही पुरेना, तेव्हा २८ मैलांचा कालवा खणून जानेवारी १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला! शिकागोची घाण आता मिसिसिपीच्या दिशेने, म्हणजे सेंट लुइसकडे. मिझुरी राज्याने सरळ सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि १९०६ मध्ये ते हरलं.

मग १९७५ मध्ये डीप टनेलचं काम सुरू झालं. जमिनीखाली दीडशे ते तीनशे फूट, काही ठिकाणी ३३ फूट व्यासाचे, एकूण १०९ मैलांचे बोगदे. ते २००६ मध्ये पूर्ण झाले. जास्तीचं पाणी तिथे आणि पुढे जलाशयांत साठवायचं, पाऊस थांबला की शुद्धीकरणाला पाठवायचं. थॉर्नटनची जुनी दगडखाण २०१५ पासून असा जलाशय झाली आहे, क्षमता ७९० कोटी गॅलन. फायदा नक्की झाला. पण बोगद्यापर्यंत पोचायला पाणी आधी आमच्या गल्लीतल्या जुन्या पाइपातून जायला हवं, आणि तो पाइप आहे तेवढाच आहे. २ जुलैला तर दरवाजे उघडून नदीचं पाणी पुन्हा तलावात सोडावं लागलं. एकशे तेवीस वर्षांनंतर रोलबॅक!

हे सगळं वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. दीडशे वर्षांत पाणी नाहीसं कुणीच केलं नाही, प्रत्येकाने ते पुढे ढकललं. नदीत, तलावात, सेंट लुइसला. आणि जे कुठेच मावलं नाही ते बेसमेंटमध्ये.

आता माझी पाळी होती. स्वस्त उपाय म्हणजे जाळीत दोन-तीन फुटांचा उभा पाइप बसवायचा, पाणी त्यातच चढतं. पण फार उंच केला तर दाबाने फरशी फुटू शकते. दुसरा उपाय म्हणजे उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. तो बंद असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही, म्हणजे फ्लश आणि वॉशिंग मशीन बंद. पक्का उपाय सगळ्यात महाग. घराचा ड्रेनेज पाइप फरशीखालून न नेता भिंतीवर उंच चढवून मग बाहेर काढायचा आणि बेसमेंटचं पाणी पंपाने तिथवर उचलायचं. मी तोच केला. काम चाललं असताना बाबा म्हणाले, "त्यांनी शहर उचललं, तू पाइप उचलतोयस."

पुढच्या मोठ्या पावसात रात्री दोनला खाली जाऊन बघितलं. फरशी कोरडी ठणठणीत. जिंकल्यासारखं वाटलं. मग खिडकीतून दिसलं, शेजारच्या आजींच्या बेसमेंटमध्ये दिवा लागला होता. त्यांच्याकडे ना व्हॉल्व्ह, ना पंप. गेल्या वेळी माझ्याकडे मावलेलं १९ हजार लिटर पाणी आता पाइपातच राहिलं होतं, आणि त्याला दुसरं उघडं तोंड हवंच होतं. त्यातलं त्यांच्याकडे किती गेलं हे मोजता येणार नाही, पण शून्य नसणार.

मी गमबूट घातले, व्हॅक्यूम उचलला आणि त्यांचं दार वाजवलं. पुढच्या शनिवारी आम्ही आधी माझी आणि मग त्यांची पन्हाळ गटारातून काढून अंगणात सोडली. खर्च जवळजवळ काहीच नाही. पाऊस मातीत मुरला तर तेवढं पाणी पाइपात जात नाही, म्हणजे पुढे कुणाकडे ढकलावंही लागत नाही. गल्लीत बत्तीस घरं आहेत. आतापर्यंत पाच झाली.

तुमच्या घराची पन्हाळ कुठे जाते, बघितलंय कधी?