शिंपल्यांतील विष

सन १७९३ च्या जून महिन्याची १५ वी तारीख. कप्तान व्हँकूव्हर यांचीं जहाजें उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याची मोजणी करीत होतीं. त्यांच्या होड्यांतील एका तुकडीनें सकाळीं एका खाडींत उतरून शिनाण्यांच्या जातीचे शिंपले भाजून खाल्ले. थोड्याच वेळांत कित्येकांचे ओठ व हातपाय बधिर झाले. इतर वांचले, जॉन कार्टर हा खलाशी मात्र दुपारीं मरण पावला. त्याला जेथें पुरलें त्या उपसागराला त्याचें नांव मिळालें आणि त्या खाडीला ‘विषाची खाडी’ म्हणूं लागले. नकाशावर तीं नांवें आजहि आहेत.

शिंपले तर ताजे होते; मग विष आलें कोठून? याचा उलगडा होण्यास जवळजवळ दीड शतक लागलें. १९२७ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास १०२ माणसांना अशीच बाधा झाली व ६ दगावलीं. त्यानंतर सोमर व मायर या शास्त्रज्ञांनीं शोध चालविला आणि १९३७ सालीं त्याचें मूळ प्रसिद्ध केलें. विष शिंपल्याचें नव्हेच. समुद्रांत तरंगणारे कांहीं सूक्ष्म जीव तें निर्माण करतात. शिंपला पाणी गाळून त्यांना खातो आणि विष त्याच्या अंगांत सांचत जातें. शिंपल्याला मात्र त्याची बाधा दिसत नाहीं.

म्हणूनच स्वयंपाकघरांतील कसोट्या येथें व्यर्थ ठरतात. विषारी शिंपल्याला वास नसतो, चव बिघडत नाहीं, चांदीचें नाणें काळें पडत नाहीं आणि उकळल्यानेंहि तें विष नाहींसें होत नाहीं. पाणी लाल दिसलें नाहीं म्हणून निर्धास्त राहतां येत नाहीं. विषावर उतारा नाहीं. श्वसनाचे स्नायू लुळे पडतात, तेव्हां विष ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वासानेंच रोगी तगतो.

यास्तव कॅलिफोर्नियांत दर वर्षीं १ मे ते ३१ ऑक्टोबरपर्यंत घरच्या खाण्यासाठीं असे शिंपले काढण्यास मनाई असते. हिंदुस्थानचा किनाराहि या संकटापासून मुक्त नाहीं. १९९७ सालीं केरळांतील विळिंजम येथें शिंपले खाऊन ७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत ओहोटीच्या वेळीं तिसऱ्या, कालवें व शिनाणे वेंचणाऱ्या घरांना ही हकीकत ठाऊक असणें अगत्याचें आहे. ओठांना मुंग्या येऊं लागल्या, कीं ताट बाजूस सारून तत्काळ रुग्णालय गाठावें.