पणजीचा आदिलशाही वाडा : जीर्णोद्धार कोणत्या काळाचा?

जालना शहरातील मस्तगड ही गढी निजाम असफजाहाच्या काळची, म्हणजे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. पुढे तिच्यात नगरपालिकेच्या कचेऱ्या बसल्या. मराठवाड्याच्या अभ्यासकास यात काही नवल वाटत नाही. राज्ये जातात, दप्तरांची भाषा बदलते, भिंती मात्र नव्या धन्याच्या उपयोगी पडतात. परंतु अशी वास्तू कचेरीच्या उपयोगातून मोकळी झाली, तर तिला तिच्या कोणत्या काळात परत न्यावयाचे? हा प्रश्न पणजीच्या जुन्या सचिवालयात अधिक स्पष्टपणे पुढे येतो; कारण तेथे कचेऱ्या खरोखरच उठल्या आणि त्यांच्या जागी आजची कला येऊ लागली.

मांडवीच्या काठावरील ही इमारत लोकांत आदिलशहाचा वाडा म्हणूनच ओळखली जाते. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास येथे तटबंदीचा वाडा बांधला. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि वाडा पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यानंतर नव्याने येणारे व्हाइसरॉय राजधानीत समारंभाने प्रवेश करण्यापूर्वी येथे मुक्काम करीत. वाड्याचे खरे रूपांतर झाले ते १७५९ मध्ये. रोगराईने जुने गोवे ओस पडत चालले होते. तेव्हा काउंट ऑफ एगा या व्हाइसरॉयने पणेलीहून आपला मुक्काम हलवून येथेच निवासस्थान केले. पणजीचे नगर या घटनेच्या मागोमाग वाढले, आणि १८४३ मध्ये ते रीतसर राजधानी झाले. १९१८ मध्ये राज्यकर्त्यांचे निवासस्थान काबो येथे गेल्यावर वाड्यात कारभाराची दप्तरे राहिली. १९६१ च्या मुक्तीनंतर तेच सचिवालय झाले, तेथेच गोव्याची विधानसभा भरू लागली, आणि २००० मध्ये ती पर्वरीच्या नव्या वास्तूत गेली. पुढे २०१६ पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाने या दालनांचा उपयोग प्रदर्शनांसाठी केला.

एवढा इतिहास ठाऊक असलेला प्रेक्षक आत शिरतो तेव्हा त्याची काहीशी फसगतच होते. नाव आदिलशहाचे, डोळ्यांस दिसते ते उतरत्या कौलारू छपराचे, ओळीने खिडक्या असलेले पोर्तुगीज वळणाचे सरकारी घर. बरोक शैलीचा जो डौल जुन्या गोव्याच्या चर्चमधून आढळतो, तोही येथे नाही. विजापूरची ओळख पटावी अशी खूण तर सामान्य प्रेक्षकास शोधूनही सापडत नाही. दारावर पूर्वी व्हाइसरॉयांचे राजचिन्ह होते, त्या जागी अशोकचक्र आले; सत्तांतर दगडावर वाचता येते असे हेच काय ते ठिकाण. आतील दालने मात्र मुकी आहेत. त्यांत मांडलेली कृती कितीही धीट असली तरी ती दालनाशी बोलू शकत नाही. तिला मिळते ती केवळ जागा आणि उजेड.

याच्या उलट उदाहरण इटलीत तुरिनजवळच्या रिव्होली येथील राजवाड्याचे आहे. सव्हॉय घराण्याच्या व्हित्तोरियो आमेदेओ दुसरा याने १७१८ मध्ये फिलिप्पो युव्हारा या स्थपतीकडे त्याच्या पुनर्रचनेचे काम सोपविले. पण भव्य बरोक आराखड्यापैकी सुमारे तिसरा हिस्साच उभा राहिला. पुढे त्याच राजाने १७३० मध्ये राज्यत्याग केला, मग गादी परत मागितली, आणि मुलाने त्याला याच वाड्यात कैदेत ठेवले! नंतरच्या काळात येथे सैन्याच्या बराकी झाल्या. आंद्रेआ ब्रुनो या स्थपतीने १९७९ पासून दुरुस्तीचे काम चालविले, तेव्हा युव्हाराचे अपुरे काम त्याने पुरे केले नाही. छत कधीच न पडलेले विटांचे खांब त्याने तसेच उघडे ठेवले आणि नवी भर पोलाद व काचेची घातली, म्हणजे जुने कोणते व नवे कोणते याविषयी कोणाचाही भ्रम होऊ नये. १९८४ मध्ये येथे समकालीन कलेचे संग्रहालय उघडले. मौरिझिओ कात्तेलानचा १९९७ चा पेंढा भरलेला घोडा या वाड्याच्या अलंकृत छतापासून दोरखंडाने लोंबतो, तेव्हा खाली मान घातलेल्या त्या जनावरात राजवैभवाची अखेर दिसते. तो घोडा कोऱ्या खोलीत टांगला असता तर त्याचा अर्धा अर्थ गेला असता.

गोव्यावर टीका करणे सोपे आहे, पण ते पुरते न्याय्य नव्हे. रिव्होलीचा वाडा मोडकळीस आला होता, म्हणूनच त्याचे थर उघडे पडले. पणजीचा वाडा शतकानुशतके वापरात राहिला, आणि वापरानेच त्याचे थर झाकले. प्रत्येक राजवटीने आपली सोय पाहिली. शिवाय १७५९ चे रूप मूळ मानून दुरुस्ती केली तर आदिलशाही नाव पोकळ ठरते, आणि १५०० चे रूप मानावे तर ते नव्याने कल्पावे लागेल. विधानसभेचा काळ तर कोणी जपण्याजोगा मानीतच नाही. वास्तविक गोव्याच्या लोकांनी स्वतःच्या मताने निवडलेले प्रतिनिधी येथेच प्रथम बसले. सुलतानाच्या वाड्याच्या आयुष्यातील हा भाग विजापूरपेक्षा कमी मोलाचा कसा?

मस्तगडाच्या बाबतीत हा विवेक आधी करता येण्यासारखा आहे. तेथे गिलाव्याचा हात फिरण्यापूर्वी प्रत्येक थराचे मोजमाप व रेखाटन व्हावे. आणि त्या रेखाटनात कचेऱ्यांसाठी घातलेल्या भिंतीही असाव्यात.