बाहेरची जाळी, आतली जाळी

अंबरनाथच्या शिवमंदिरात बहुतेक लोक भिंतींवरच्या मूर्ती बघतात. मी मान वर करून शिखर बघतो. माझी सगळी नोकरी मोरिवलीच्या एमआयडीसीत डाय बनवण्यात गेली. वक्र पृष्ठभाग दिसला की हा जॉब धरला कसा असेल, कातला कसा असेल, हेच आधी डोक्यात येतं. देवळातसुद्धा.

शिखर भूमिज पद्धतीचं आहे. चार दिशांना खालून वर निमुळत्या होत गेलेल्या चार पट्ट्या, त्यांना लता म्हणतात. दोन लतांच्या मध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या. लतांच्या अंगावर गवाक्षांची जाळी, एका कमानीत दुसरी गुंतलेली. सपाट फळीवर अशी नक्षी कुणीही होतकरू कारागीर काढेल. इथे मात्र पट्टी वर चढताना आतही झुकते आणि रुंदीलाही कमी होते. म्हणजे जाळीचं प्रत्येक घर खालच्या घरापेक्षा लहान, आणि किंचित वेगळ्या कोनात. आज कॉम्प्युटरला एक आज्ञा दिली की हे होतं. पाथरवटाला प्रत्येक घर वेगळं आखावं लागलं असणार, आणि छिन्नी एकदा जास्त लागली की तो काळा दगड परत भरून येत नाही.

काळाबद्दल थोडं. लोक या देवळाला सर्रास हेमाडपंती म्हणतात, पण ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात आला तो दोनशे वर्षांनी. देवळातल्या शिलालेखात उत्तर कोकणच्या शिलाहार मुम्मुणी राजाचं नाव आहे. त्यातला शक डॉ. भाऊ दाजी लाडांनी ७८२ वाचला होता. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचं दाखवलं. म्हणजे इ. स. १०६०. माळव्यातलं उदयपूरचं उदयेश्वर मंदिर साधारण याच काळातलं आणि याच पद्धतीचं. भोजाच्या ‘समरांगण सूत्रधार’ ग्रंथात भूमिज प्रकार वर्णन केले आहेत. तेव्हा आमच्या वालधुनी नदीच्या काठावर काम करणाऱ्या सूत्रधाराला, म्हणजे मुख्य कारागिराला, हे गणित नवीन नसावं.

आता माझा खरा मुद्दा. ही जाळी वजन घेत नाही. ती दगडाच्या दर्शनी अंगावर कोरलेली आहे, तिच्यामागे भरीव दगडांचे आडवे थर आहेत आणि भार त्यांच्यातून खाली जातो. शिखराचा बाकही त्या थरांतूनच आला. पत्त्यांचा गठ्ठा हाताने तिरका ढकलावा तसा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला आहे. दगड दाबाला पक्का आणि ताणाला कच्चा. थरावर थर ठेवला की वरचं वजन खालच्याला दाबूनच ठेवतं, ताण फारसा पडतच नाही. टोकाला मात्र वरून दाबणारं काही उरत नाही, आणि या शिखराचा नेमका माथाच आज नाही. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की वर आभाळ दिसतं.

१८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टची माणसं इथे पाठवली आणि देवळाची रेखाचित्रं, प्लॅस्टरचे साचे करवून घेतले. कोरलेल्या दगडावरून साचा घ्यायचा म्हणजे अवघड काम. जिथे नक्षी आतून खोदलेली असते तिथे साचा अडकतो, म्हणून तो तुकड्यांत सोडवावा लागतो. आमच्या डायमध्येही हेच दुखणं. त्या माणसांची बोटं किती सोलपटली असतील याचा अंदाज मी करू शकतो.

पुढे हा सगळा पट्टा धातूच्या मागे लागला. १९५३ साली अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. शेजारी कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. तिथे बघता बघता कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल मिळू लागली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही रोज ऐकायचो. हसायचो, आणि सुटे भाग तिथूनच आणायचो. पण सगळ्यांची रीत पाथरवटाचीच होती. मोठा ठोकळा घ्यायचा आणि नको ते काढून टाकायचं. संध्याकाळी मशीनखालून बर, म्हणजे कातलेल्या धातूचा चुरा, झाडताना कळायचं की विकत घेतलेल्या पोलादाचा केवढा भाग भंगारात चालला आहे.

बदलापूरला माझ्या भाच्याने थ्री-डी प्रिंटर घेतला तेव्हा ही रीत उलटलेली पाहिली: काढून टाकायचं नाही, हवं तेवढंच थरावर थर रचायचं. नोझलचं भोक ०.४ मिलिमीटर, एक थर ०.२ मिलिमीटरचा. वस्तू बाहेरून गुळगुळीत, आत मात्र सगळी वळणदार जाळी. त्या आकाराला गायरॉइड म्हणतात. अशा पृष्ठभागांची सुरुवात एकोणिसाव्या शतकात जर्मन गणिती श्वार्त्झने केली. गायरॉइड हा नासातल्या ॲलन शोएनचा, १९७० सालच्या अहवालातला. त्यात एकही सरळ रेषा नाही, एकही टोकदार कोपरा नाही.

ताकदीबद्दल भाचा उत्साहाने बरंच बोलतो, पण हिशेब साधा आणि थोडा निर्दय आहे. जाळीच्या काड्या वाकून भार घेत असतील तर घनता निम्मी केल्यावर ताठपणा एक चतुर्थांशावर येतो. काड्या त्रिकोणांत बांधून त्यांना नुसतं दाबलं-ताणलं तर तो साधारण निम्माच राहतो. म्हणजे केवळ ताठपणा हवा असेल तर सरळ काड्यांचे त्रिकोण बरे. गायरॉइडचा फायदा वेगळा. कोपरा नसल्याने ताण एका जागी साठत नाही, आणि कुठल्याही बाजूने दाबलं तरी उत्तर जवळपास सारखंच येतं. शिवाय एका थरात नोझलला स्वतःची रेघ ओलांडावी लागत नाही, हा फायदा पुस्तकात कमी आणि मशीनजवळ जास्त कळतो.

मंदिरासमोर मोबाइल धरून ‘हे तर प्राचीन थ्री-डी प्रिंटिंग’ म्हणणारे आता भेटतात. थर दोन्हीकडे आहेत, तेवढं खरं. पण पाथरवटाने जाळी मिरवायला बाहेर ठेवली आणि ताकद मागे भरीव ठेवली. प्रिंटर जाळीलाच आत घालून भार उचलायला लावतो. आणि थरांचं वागणंही निराळं. भाच्याने एकाच मापाच्या दोन पट्ट्या छापल्या, एक आडवी, एक उभी, आणि मी त्या एकेक करून व्हाइसमध्ये धरून ओढल्या. आडवी पांढरी पडून लांबली, मग तुटली. उभी दोन थरांच्या मधल्या सांध्यावर कट्‌कन सुटली. तिच्यावर वरून दाबून ठेवणारं काहीच नव्हतं. भाचा आता हुक छापताना आडवाच ठेवतो.