पुन्हा सायकलवर

एकदा आलेले पोहणे आणि एकदा शिकलेली सायकल माणूस विसरत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेही आहे. तोल सांभाळण्याची ही विद्या लहान मेंदूत आणि हातापायांत अशी काही मुरलेली असते की वीस वर्षांनी सीटवर बसले तरी चाक पहिले दोन-चार खांब ओलांडेपर्यंत जरा वाकडेतिकडे जाते आणि मग आपोआप सरळ धावू लागते. म्हणजे शरीर सायकल विसरत नाही. मग विसरतो कोण? पूर्वी ज्या घराच्या भिंतीला दोन सायकली टेकलेल्या असत, त्या घरातला चाळिशीचा माणूस आज कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायलाही किक मारतो, हे कसे झाले?

मी इतिहास शिकवतो, तेव्हा हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने विचारावा म्हणतो. पुन्हा सायकल सुरू करायची इच्छा पुष्कळांना असते. एक जानेवारीला असते, गुढीपाडव्याला असते, रक्तातली साखर तपासून आल्यावर तर फारच असते. पण ती टिकत नाही, आणि मग माणूस स्वतःला आळशी म्हणवून घेतो. मला हे निदान पटत नाही. आपण सायकल सोडली ती आळसाने नव्हे. का सोडली ते एकदा कळले, तर परत फिरण्याची वाटही दिसेल.

यंत्राची कथा थोडक्यात सांगून टाकतो. जर्मनीतल्या मानहाइम येथे १८१७ साली कार्ल द्राइस याने दोन चाकांची एक लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पायडल नव्हते. पायांनी जमीन मागे ढकलायची आणि पुढे जायचे. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. मग पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच झाले, आणि पडणाराची हाडे मोडू लागली. १८८५ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरी जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी सायकल बाजारात आणली. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने मुलाच्या तिचाकीसाठी हवेची धाव केली. झाले! आपल्या गावात दूध घालणाऱ्याची जी काळी सायकल असते, तिची मुळातली घडण तेव्हाचीच आहे.

याच काळातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. टॉल्स्टॉय सायकल शिकला तो १८९५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. त्याच वर्षी त्याचा धाकटा मुलगा वारला होता. एवढा मोठा लेखक, लांब दाढी, आणि मॉस्कोत सायकलचे धडे घेतो आहे, हे पाहून लोक कुजबुजले असतीलच. त्याने सायकल सोडली नाही. तेव्हा ‘आता या वयात?’ असे विचारणारांनी निदान सदुसष्ट पूर्ण होईपर्यंत तरी थांबावे.

आपल्याकडे सायकल आली ती साहेबाबरोबर, आणि मुंबई-पुण्यात ती लवकर रुळली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. वाळवंटे, जंगले, बर्फ, सगळे दोन चाकांवर. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात ही नावे असायला हवीत असे मला वाटते.

आपला हिंगोलीचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता. गाव छावणीचे, हैदराबाद कंटिंजंटची पलटण इथे असे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा बनला. या सबंध उलथापालथीत सायकल खेड्यापाड्यांत हळूहळू शिरत गेली. रॅले, हंबर, हर्क्युलस ही विलायती नावे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अगदी घरची असत. रस्ता मात्र विलायती नव्हता. आपल्या काळ्या जमिनीचा चिखल मडगार्डात असा गच्च बसतो की आषाढात सायकल माणसाला नेत नाही. माणूसच सायकल खांद्यावर घेऊन नाला ओलांडतो.

मग देशी कारखाने निघाले. मुंबईत हिंद सायकल स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाली होती. १९४९ मध्ये मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. सायकल आता शिक्षकाची, तलाठ्याची, ग्रामसेवकाची, पोस्टमनची झाली. तिचा मान केवढा! लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ द्यायचा, आणि नाही दिला तर रुसवा. नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा कुणी डबलसीट बसले की पोलिसाची शिट्टी वाजे. सरकार कर कशावर बसवते? ज्या वस्तूला किंमत आहे तिच्यावर. पोरे भाड्याची सायकल तासावर आणीत आणि मधल्या दांडीखालून पाय घालून कैची मारीत शिकत. गुडघे फुटत, पण पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानासमोर उभे.

इथून पुढे उतार लागतो. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लुना काढली. या गाडीकडे इतिहासकाराने जरा निरखून पाहावे. तिला इंजिन होते आणि पायडलही होते. सायकलीवरून उतरणाऱ्या माणसाला मध्येच टेकायला ती एक पायरीच होती. पुढे १९८५ मध्ये हीरो होंडाची शंभर सीसीची मोटारसायकल आली. गंमत अशी की ही कंपनी लुधियान्याच्या सायकलवाल्या मुंजाल घराण्याचीच, जपानी भागीदारीतली. ज्या घराने देशाला सायकलवर बसवले, त्याच घराने तिच्यावरून उतरवले! लग्नाच्या यादीतून सायकल गेली आणि मोटारसायकल आली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरांत सायकल होती आणि २१ घरांत मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड. म्हणजे सायकल संख्येने गेली नव्हती. गेला होता तो तिचा मान. जी आजोबांच्या वेळी सधन माणसाची खूण होती, ती नातवाच्या वेळी गरिबाची खूण ठरली. पुढे ३ जून २०२० रोजी ॲटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद पडला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून जो जागतिक सायकल दिन ठरवला आहे, तो नेमका हाच दिवस.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सायकलवर परतणाऱ्याला अडवतात ते गुडघे नव्हेत. त्याला अडवते लोकांची नजर. मी गेली दोन वर्षे महाविद्यालयात सायकलने जातो. पहिला महिनाभर रोज निदान एकाने तरी विचारले, “काय सर, गाडी बिघडली का?” एका वयस्कर गृहस्थांनी तर बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, “पगार वेळेवर होतो ना?” यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पण सकाळी साडेनऊला, इस्त्रीच्या कपड्यांत, ओळखीच्या चौकातून जाताना हे प्रश्न चढासारखे लागतात. रंगीत शिरस्त्राण घालून पहाटे महागड्या गिअरच्या सायकलवर फिरणाऱ्याला मात्र कुणी असे विचारत नाही. तो व्यायाम, आणि कामाला सायकल म्हणजे हलाखी! हा भेद डोक्यातून गेला की अर्धी चढण संपली.

एकट्या माणसाचे सोडा, एक सबंध देश असा परत फिरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्ये मोटारी वाढल्या आणि सायकली झपाट्याने कमी झाल्या. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ असेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. त्यातच १९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई आली, आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. त्या मोकळ्या रस्त्यांवर लोक पुन्हा सायकली घेऊन आले. पुढच्या काळात सायकलीसाठी वेगळे रस्ते झाले. आज आपण हॉलंड म्हणजे सायकलचा देश असे जे समजतो, ते काही त्यांच्या पाण्यातच नव्हते. त्यांनीही ती सोडली होती आणि मग पुन्हा धरली.

पण ध्यानात घ्या, नुसत्या उपदेशाने कुणी परतले नाही. तिथे पोर शाळेत सुखरूप पोचायला हवे होते, म्हणजे काम होते. सायकल कामाने चालते, संकल्पाने नाही. म्हणून कुणी मला विचारले की रोज किती किलोमीटर चालवू, तर मी उलट विचारतो, “तुमचे रोजचे जाणे कुठे आहे?” दूध आणायला, बाजार समितीत, शेतावर, पोस्टात. त्यातले एक जाणे सायकलीला देऊन टाका. जायचेच असते, त्यामुळे रोज नव्याने मन वळवावे लागत नाही.

बिहारात हे मोजलेही गेले आहे. २००६ पासून तिथे नववीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारने पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि वाढ मुख्यतः अशा गावांत, जिथून शाळा लांब होती. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या तालुक्यांचा त्यात समावेश आहे. सकाळी शाळेच्या वेळी कुठल्याही फाट्यावर उभे राहा. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली, कॅरिअरला दप्तर, दोघी-तिघी शेजारून बोलत चाललेल्या.

पण बारावीनंतर काय होते? मुलीचे लग्न होते, आणि सायकल गोठ्यात खुंटीला जाते. सासरी ती चालवीत नाही. चालवली तर प्रतिष्ठा आड येते, ‘सून सायकलवर?’ माझ्या चाळिशीच्या मित्राला जो प्रश्न चौकात विचारतात, तो तिला उंबऱ्याच्या आतच विचारला जातो, आणि एकदाच. पुन्हा सायकलवर येण्याची गोष्ट खऱ्या अर्थाने कठीण आहे ती तिच्यासाठी. ती अशक्य मात्र नाही. १९९१ च्या सुमारास तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, सगळ्या. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. बायका पाणी आणायला, माल बाजारात न्यायला सायकलवर जाऊ लागल्या. पुन्हा तेच पाहा, काम होते.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नवी सायकल आधी घेऊ नका. घरात एखादी पडलेली असतेच. ती दुकानात न्या; टायरला भेगा गेल्या असतील तर बदला, ब्रेकचे रबर पाहा, चाकाचा आउट काढून घ्या, छर्रे आणि साखळीला तेल-ग्रीस द्या. सीट वर करा: पायडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात किंचित बाक, एवढी. बुटकी सीट ठेवून गुडघे दुखवून घेणारे आणि मग सायकलला नावे ठेवणारे फार. पहिले दहा-पंधरा दिवस बैठक दुखेल, ते जाते. सुरुवात सपाटीवरच्या तीन-चार किलोमीटरांनी करा. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे, म्हणजे हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटर, ते दोन-तीन महिन्यांनी पाहू. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि घरात लेकीची जुनी सायकल असेल तर ती भंगारात देऊ नका. तिला मधली दांडी नसते, लुगड्यावर, साडीवरही बसता येते. फक्त मागच्या चाकाची जाळी बहुधा मोडलेली असते, ती नवी बसवून घ्या, म्हणजे पदर अडकणार नाही. साखळीवरचे झाकण पक्के करा. मग दोन्ही चाकांत हवा भरून ती सायकल अंगणात, सहज हाताला येईल अशी, स्टँडवर लावून ठेवा. तुमच्यासाठी नाही, घरातल्या बाईसाठी.