झापोटेक प्रतिमाकुंभ : संग्राहक आणि साक्ष

मेक्सिकोतील ओअहाकाच्या खोऱ्यात, इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास वसलेल्या मोन्ते आल्बान या झापोटेक नगरीत व तिच्या परिसरात एक विशिष्ट प्रकारची मृत्पात्रे आढळतात. मागे साधे नळकांड्यासारखे पात्र, आणि पुढे त्याला पूर्णपणे झाकणारी, मांडी घालून बसलेली मानवाकृती; मस्तकावर भव्य शिरोभूषण, मुखावर पुष्कळदा पर्जन्य व विद्युत् यांचा देव कोसीहो याचा मुखवटा. पाश्चात्त्य अभ्यासकांनी यांना 'अस्थिकुंभ' म्हटले व ते नाव रूढ झाले. वस्तुतः यांत रक्षा नसते. बहुतेक कुंभ रिकामेच मिळतात. मोन्ते आल्बानच्या १०४ क्रमांकाच्या थडग्यात असा एक कुंभ दाराच्या वरील कोनाड्यात बसविलेला होता. तेव्हा स्थान हाच येथे अर्थाचा मुख्य आधार होय.

नेमका हाच आधार संग्राहकांनी नाहीसा केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओअहाकातील वैद्य फेर्नांदो सोलोगुरेन, ब्रिटिश उपवाणिज्यदूत कॉन्स्टंटाइन रिकर्ड्स इत्यादिकांनी मोठे संग्रह जमविले. रिकर्ड्सच्या संग्रहातील बरेच कुंभ पुढे टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो संग्रहालयात गेले. ग्राहकास हवा असे तो अखंड व अलंकृत कुंभ. तो कोठे सापडला हे क्वचितच विचारले जाई. मागणी वाढताच नकली कुंभही घडू लागले. लेओपोल्दो बात्रेस यांनी १९१० मध्येच बनावट मेक्सिकन पुरावस्तूंवर ग्रंथ लिहिला होता. त्या इशाऱ्याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

परिणाम गंभीर झाला. आल्फोन्सो कासो व इग्नासिओ बेर्नाल यांचा १९५२ चा ग्रंथ या विषयाचा पाया मानिला जातो, आणि तो मान योग्यच आहे. परंतु फ्रँक बूस यांच्या १९६६ च्या संकलनात खऱ्यांबरोबर खोटेही कुंभ शिरले. १९७० नंतरच्या दशकात उष्मादीप्ती-परीक्षेने, म्हणजे माती शेवटची केव्हा भाजली हे ठरविणाऱ्या पद्धतीने, संग्रहालयांतील अनेक नामांकित कुंभ अर्वाचीन ठरले. ज्या चिन्हांवरून देवता ओळखावयाच्या, त्यांतील काही नकलाकारांनीच जुळविलेली असू शकतात!

जॉयस मार्कस यांनी १९८३ मध्ये प्रतिपादिले की, या आकृती पुष्कळदा देवांच्या नसून दिवंगत पूर्वजांच्या आहेत. काहींवर पंचांगातील दिननामे कोरलेली आहेत. प्रस्तुत लेखकास हे मत अधिक ग्राह्य वाटते. पण त्याचा निर्णय उत्खननात सापडलेल्या कुंभांवरूनच होऊ शकेल. उरलेल्यांसाठी अ‍ॅडम सेलन यांच्यासारखे संशोधक संग्राहकांचे जुने कागदपत्र धुंडाळीत आहेत. एखाद्या यादीत गावाचे नुसते नाव मिळाले, तरी तो कुंभ पुन्हा साक्ष देऊ लागतो.