शिक्का कोणी मारला?

धान्याला शेर-पायली असते, दुधाला फॅट लावतात. तसं माणसाच्या बुद्धीलाही कोणी माप लावलं, आणि त्या मापानं एका गरीब बाईचं काय केलं, त्याची ही खरी हकीकत आज ऐकूया.

१९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी मुलांसाठी एक चाचणी तयार केली. शाळेत कोणतं मूल मागं पडतंय ते ओळखायचं आणि त्याला जास्तीची मदत द्यायची, एवढाच हेतू. हा आकडा म्हणजे मुलाची कायमची लायकी नव्हे, असं बिने सांगत होते.

चाचणी अमेरिकेत गेली आणि हेतूच फिरला. तिथले काही अभ्यासक म्हणू लागले, की मंदबुद्धी रक्तातून उतरते आणि गरिबी, गुन्हेगारी तिच्यातूनच येते. १९१० साली न्यूयॉर्क राज्यात अशा अभ्यासाचं एक कार्यालय निघालं. तिथे तयार झालेल्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन घराण्यांच्या नोंदी करायच्या. होय, त्यात बहुतेक शिकलेल्या बायकाच होत्या. कोण हुशार, कोण मंद, हे पुष्कळदा नुसतं बघून किंवा शेजाऱ्याचं ऐकून लिहिलं जायचं.

कॅरी बक ही व्हर्जिनिया राज्यातली मुलगी. आई गरीब, म्हणून ती दुसऱ्यांच्या घरी वाढली. शाळेत सहावीपर्यंत नीट पास झाली, मग घरकामासाठी तिला शाळेतून काढलं. सतराव्या वर्षी ती गरोदर राहिली. त्या घरच्या नातेवाइकानं आपल्यावर जबरदस्ती केली, असं तिनं पुढे सांगितलं. पण जबरदस्ती करणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. १९२४ साली कॅरीलाच ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत टाकलं. तिची आई आधीपासून तिथेच होती. चाचणी घेऊन सांगितलं, की कॅरीची बुद्धी नऊ वर्षांच्या मुलीइतकी आहे.

त्याच वर्षी व्हर्जिनियात कायदा झाला, की अशा माणसांची मूल बंद करण्याची सक्तीची शस्त्रक्रिया करता येईल. कायदा कोर्टात टिकतो का, हे पाहण्यासाठी कॅरीचाच खटला उभा केला. तिचा वकीलसुद्धा संस्थेच्याच बाजूच्या लोकांतला. तिची तान्ही मुलगी व्हिव्हियन जेमतेम काही महिन्यांची, तरी तीही ‘नीट दिसत नाही’ अशी साक्ष झाली. आजी, आई, नात, तिघींवर एकच शिक्का! २ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं शस्त्रक्रियेला परवानगी दिली. ऑक्टोबरात ती झाली.

कॅरीच्या बहिणीचीही पुढच्या वर्षी केली. तिला सांगितलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. ती लग्नानंतर वर्षानुवर्षं मुलाची वाट पाहत राहिली. खरं काय ते तिला १९८० च्या सुमारास, म्हातारपणी कळलं.

आणि ती तान्ही व्हिव्हियन? शाळेत तिचं नाव हुशार मुलांच्या यादीत लागलं होतं. आठ वर्षांची असताना आजारानं ती गेली.

अमेरिकेत अशा ६० हजारांहून जास्त माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. २००२ साली व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी माफी मागितली. तोवर कॅरी जाऊन १९ वर्षं झाली होती.

मग माणसांचा अभ्यास करूच नये का? तसं नाही. १९८८ साली जोन सीबर आणि बार्बरा स्टॅन्ली या दोन अभ्यासक बायकांनी लिहिलं, की अवघड विषय टाळणं म्हणजे जबाबदारी टाळणं. पण काळजी चार ठिकाणी घ्यायची: प्रश्न काय विचारतो, माहिती कशी घेतो, ती कोणाच्या हाती जाते, आणि तिचा अर्थ कसा लावतो. कॅरीच्या बाबतीत चारही ठिकाणी घात झाला.

आपल्या देशातही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अभ्यासासाठी माहिती घेताना आधी समजावून सांगावं, संमती घ्यावी, आणि मधेच नको वाटलं तर थांबता यावं, असं ती सांगतात.

म्हणून गटाच्या बैठकीत आपण ठरवूया. मनाच्या, घरातल्या भांडणाच्या, दारूच्या गोष्टी विचारायला कोणी आलं, तर सही-अंगठ्याआधी विचारायचं: हे कशासाठी? कोण वाचणार? आमचं नाव, गावाचं नाव, वस्तीचं नाव छापणार का? ‘अमुक वस्तीतल्या बायका अशाच’ असं कोणी म्हटलं, तर उत्तर न दिलेल्या बाईलाही ते भोगावं लागतं.

आणि आपल्यातल्या ज्या मैत्रिणी स्वतः सर्वे भरतात, त्यांना आमचं एवढंच सांगणं: जे तिनं सांगितलं तेच लिहा. चेहऱ्यावरून, घरावरून, शेजारणीच्या बोलण्यावरून रकाना भरू नका. एका रकान्यातल्या शब्दावरून कोर्टात तीन पिढ्यांचा निकाल लागला होता.