मोज्यांच्या घराण्यातली शाल

अंगठीतून आरपार ओढता येणारी शाल म्हटली की आपल्याला काश्मीर आठवतं. शहातूशची ती परीक्षा घरातल्या मोठ्यांच्या तोंडून आपण ऐकलेली असते. अशीच परीक्षा देणारी आणखी एक शाल आहे, फक्त ती मागावरची नाही. ती सुयांवर, एकेक टाका घालत, हाताने विणलेली असते. तिचं गाव शेटलंड. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, ६० अंश उत्तर अक्षांशावर, अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांच्या मधोमध विखुरलेली ही शंभरेक बेटं. शाल सहा फूट लांब, सहा फूट रुंद, वजन मात्र शंभर ग्रॅमही भरत नाही.

या शालीची गोष्ट बहुतेक वेळा राणी व्हिक्टोरिया आणि लंडनचं १८५१ चं जागतिक प्रदर्शन इथून सुरू होते. मला ती सुरुवात पटत नाही. तिथे पोचेपर्यंत या कुळाच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या. कूळ शोधायचं तर आधी मेंढीकडे आणि मग मोज्यांकडे जायला हवं.

शेटलंडची मेंढी चणीने लहान, काटक आणि थोडक्यात भागवणारी. बेटांवर झाडं जवळजवळ नाहीत, वारा बारा महिने, आणि माळावरचं गवत निकृष्ट. त्या गवतावर जगणाऱ्या या मेंढीच्या अंगावर ब्रिटनमधल्या देशी जातींपैकी सर्वांत तलम लोकर येते. उन्हाळ्याच्या तोंडी जुनी लोकर मुळापासून आपोआप सैल होते. मग कात्री लागत नाही. मेंढीला आडवं धरून बोटांनी लोकर हलकेच उपटून घ्यायची, जनावराला दुखत नाही. या कामाला तिथे ‘रूइंग’ म्हणतात. याचा फायदा फक्त मेंढीला होत नाही. कात्रीने कापलेल्या केसाचं टोक बोथट राहतं. उपटलेल्या केसाची दोन्ही टोकं निमुळती असतात, त्यामुळे सूत अंगाला टोचत नाही. त्यातही सगळ्या अंगाची लोकर सारखी नसते. मानेची आणि खांद्याची सर्वांत मऊ, मागच्या पायांकडे जावं तशी राठ. बारीक सुतासाठी फक्त मान. एका मेंढीच्या मानेवर अशी लोकर मूठभरच निघते.

रंगांचीही मोठी श्रीमंती आहे. पांढरा आणि काळा तर आहेतच, पण तांबूस तपकिरी तो ‘मूरिट’, पोलादी राखाडी तो ‘शेला’, निळसर राखाडी तो ‘एमस्केट’, आणि वरून फिकट, पोटाखाली गडद अशी मेंढी ती ‘कॅटमॉगेट’. मुख्य रंग ११ मानले जातात. ही नावं जुन्या नॉर्स भाषेच्या वळणाची आहेत, कारण ही बेटं शेकडो वर्षं नॉर्वेच्या ताब्यात होती. १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्याच्या रकमेपोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकली आणि ती परत सोडवली गेलीच नाहीत. नॉर्स अमलात इथला शेतसारासुद्धा लोकरीच्या जाड्याभरड्या कापडात भरला जाई. त्या कापडाला ‘वॅडमल’ म्हणत. लोकरीवर देणं फेडायची सवय या बेटांना तेव्हापासूनची.

शेतं अगदी छोटी. अशा शेत-घराला ‘क्रॉफ्ट’ म्हणतात. थोडे ओट आणि बार्ली, बटाट्याचा वाफा, एखादी गाय, आणि गावाच्या सामाईक डोंगरावर सोडलेली मेंढरं. डोंगर सगळ्यांचा, मेंढी ज्याची त्याची. ओळख पटावी म्हणून कानाला खाच पाडायची पद्धत. प्रत्येक घराची खाच वेगळी आणि तिची रीतसर नोंद असे. पुरुष उघड्या होड्यांतून खोल समुद्रात मासेमारीला किंवा व्हेलच्या शिकारीला महिनोन् महिने बाहेर. घर, शेत, गाय, मेंढ्या आणि सरपण सगळं बायकांच्या अंगावर. सरपण म्हणजे पीट, दलदलीत साठलेला जळाऊ मातीचा थर. तो डोंगरावर कापून, वाळवून, ‘किशी’ नावाच्या पाठीवरच्या टोपलीतून घरी आणायचा. जुन्या छायाचित्रांत या बायका ओझ्याखाली वाकलेल्या दिसतात, आणि त्याच वेळी त्यांचे हात विणत असतात.

चालता चालता विणायचं कसं, याचं उत्तर त्यांच्या कमरेला आहे. चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याचे केस ठासून भरलेली छोटी गादी आणि गादीला छिद्रं. उजव्या सुईचं मागचं टोक त्या छिद्रात खुपसलं की सुई कमरेच्या आधारावर स्थिर राहते. मग उजव्या हाताला सुईचा भार पेलावा लागत नाही, तो फक्त दोरा फिरवतो आणि विणकामाचा वेग पुष्कळ वाढतो. विणकामाला तिथे ‘मॅकिन’ म्हणतात, म्हणून हा मॅकिन बेल्ट. सुयांना त्या ‘वायर’ म्हणतात. दोन्हीकडे टोक असलेल्या, पोलादी, बारीक. माझ्या मते शेटलंडच्या विणकामाच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं हत्यार हा पट्टा आहे. रिकाम्या वेळाची वाट न पाहता विणता येणं हे या बायकांना त्याच्यामुळे साधलं.

आणि विणायचे ते मोजे. सतराव्या शतकात हेरिंग माशांच्या हंगामात डच मच्छीमारांची शेकडो जहाजं दर उन्हाळ्यात ब्रेसे बेटाच्या आडोशाच्या खाडीत येऊन थांबत. बेटावरचे लोक मोजे, हातमोजे आणि टोप्या घेऊन किनाऱ्यावर येत, बदल्यात नाणी, तंबाखू, दारू मिळे. आज शेटलंडची राजधानी असलेलं लरविक हे याच बाजारातून उभं राहिलेलं गाव. त्या काळच्या विणकामाचा पुरावा १९५१ मध्ये जमिनीतून वर आला. गनिस्टर गावाजवळ दोघे जण पीट कापत असताना सतराव्या शतकाच्या अखेरीस पुरलेल्या एका माणसाचे अवशेष सापडले. पीटमध्ये हाडं जवळजवळ विरून गेली होती, लोकर मात्र टिकली होती. विणलेल्या टोप्या, हातमोजे, लांब मोजे, आणि एक छोटी विणलेली थैली, तिच्यात डच आणि स्वीडिश नाणी. करड्या थैलीवर लाल-पांढऱ्या रंगांची नक्षी होती. कोण कुठला वाटसरू होता ते कळलं नाही, पण त्याच्या मोज्यांना घातलेली ठिगळं अजून मोजता येतात. कपडे एडिनबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

मोजे ते जाळीची शाल ही उडी अठराशे तीसच्या दशकात घडली. ती नेमकी कुणी मारली, यावर वेगवेगळी घराणी आपापला हक्क सांगतात. सर्वांत उत्तरेच्या अन्स्ट बेटावरच्या एडमन्स्टन या सुखवस्तू कुटुंबात परदेशी लेस आली आणि ती पाहून बायकांनी सुयांवर तशी जाळी काढली, ही त्यांतली एक हकीगत. मला या श्रेयाच्या वादापेक्षा त्यामागची गरज मोठी वाटते. मोज्यांचा धंदा बसला होता. यंत्रावरचे मोजे स्वस्त झाले होते आणि नेपोलियनच्या युद्धांनंतर डच गिऱ्हाईकही पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. बोटांत कौशल्य होतं, लोकर होती, मोजे मात्र कुणालाच नको होते. अशा वेळी आर्थर अँडरसन या माणसाने १८३७ मध्ये नव्यानेच गादीवर आलेल्या व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम मोजे नजर केले. अँडरसन लरविकचा, लहानपणी किनाऱ्यावर मासे वाळवायचं काम केलेला. पुढे मुंबईला विलायतेची डाक आणणाऱ्या पी अँड ओ कंपनीचा तो एक संस्थापक. १८३९ च्या सुमारास ऑक्सफर्डचा एडवर्ड स्टँडन नावाचा व्यापारी बेटांवर आला. त्याने शाली पाहिल्या आणि लंडनची बाजारपेठ दाखवली. खांद्यावर शाल घेण्याची फॅशन तेव्हा भरात होती. दहा-बारा वर्षांत अन्स्टच्या बायका जगातली सर्वांत बारीक जाळी विणू लागल्या.

ती विणली कशी जाते? घरी स्वेटर विणणाऱ्या कुणालाही तत्त्व लगेच कळेल. दोरा पुढे घेतला की भोक पडतं, दोन टाके एकत्र विणले की वाढलेला टाका कमी होतो. भोकं आणि तिरके टाके यांच्या जुळणीतून मांजराचं पाऊल, पक्ष्याचा डोळा, देवदाराचं फळ, लाटेचा ठसा अशी नक्षी उठते. हे कागदावर नसे, सगळं डोक्यात. आधी कडेची दातेरी पट्टी, तिच्या काठाने टाके उचलून किनारी, मग मधला चौकोन. भाग एकमेकांना जोडताना टाके शक्यतो बंद करत नाहीत, उघड्या टाक्यांतून सुईने दोरा ओवतात. बंद केलेल्या टाक्यांची कड आखडते, आणि आखडलेली कड पुढच्या ताणात शालीला फाडते.

तरीही विणणं हा निम्माच भाग. खरी करामत सुतात आहे. मानेची लोकर हाताने निवडायची, छोट्या फणीने विंचरून केस एका दिशेला आणायचे आणि लहान चरख्यावर कातायची. जरा ओढ जास्त झाली की तुटतं, पीळ जास्त झाला की दोऱ्याला गुंता पडतो, कमी झाला तर सूत फुसकं. मग असे दोन पदर एकत्र पिळून विणायचा दोरा तयार होतो, आणि तो दोनपदरी दोरासुद्धा शिवणाच्या दोऱ्याहून बारीक. गिरणीच्या सुताला ही बारीकी सहसा येत नाही. कातणारी आणि विणणारी पुष्कळदा वेगवेगळ्या असत, आणि संग्रहालयातल्या पाट्यांवर दोघींपैकी विणणारीचंच नाव सापडलं तर सापडतं. मला याची खंत वाटते.

सुईवरून उतरलेली शाल पाहिली तर कुणी पैसे देणार नाही. आखडलेली, मळकट, नक्षी मिटलेली. ती धुवायची. पांढरी हवी असेल तर बंद पिंपात टांगून खाली गंधक जाळायचं, त्या धुराने लोकर उजळते. मग ओली असतानाच लाकडी चौकटीवर, दातेरी कडेचा प्रत्येक दाता दोऱ्याने ओढून, ताणून वाळवायची. त्या ताणात एकेक भोक उघडतं आणि शाल जवळजवळ दीडपट पसरते. धुऊन ताणणं हा लरविकमधल्या काही बायकांचा स्वतंत्र व्यवसायच होता.

अशी शाल घेऊन बाई दुकानात गेली की तिला पैसे मिळत नसत. मिळे चहा, साबण, सुती कापड. दुकानदार शाल घेई आणि तेवढ्या किमतीचा माल देई. किंमत दोन्हीकडची त्यानेच ठरवायची. मालाऐवजी कधी चिठ्ठी मिळे, तीही त्याच दुकानात चालणारी. या पद्धतीची चौकशी करायला सरकारने विल्यम गथ्री यांना नेमलं आणि जानेवारी १८७२ मध्ये लरविकला सुनावणी झाली. विणणाऱ्या बायकांची साक्ष प्रश्नोत्तरांसह शब्दशः छापलेली आहे आणि हा कागद मला कोणत्याही शालीइतकाच मोलाचा वाटतो. घरात पीठ नाही म्हणून दुकानातून मिळालेला चहा शेतकऱ्याच्या घरी नेऊन त्याच्यावर बटाटे किंवा पीठ आणलं, असं त्या सांगतात. भाड्याला रोख लागे, ती कुठून आणायची हेही सांगतात. सर्वांत क्रूर भाग सुताचा होता. जिच्याकडे मेंढ्या नाहीत तिला सूत विकत घ्यावं लागे, आणि दुकानदार विणकामाच्या बदल्यात सूत देत नसत, कारण सूत ही ‘रोखीची वस्तू’ होती. तिने केलेली शाल मात्र रोखीची नव्हती.

१८८७ च्या कायद्याने ही पद्धत बेकायदा ठरवली, तरी बेटांवर ती बराच काळ रेंगाळली. खरी सुटका थोडी टपालाने केली. १८८३ मध्ये पार्सलची सोय झाल्यावर काही जणी थेट दूरच्या गिऱ्हाइकांना माल पाठवू लागल्या. पण तोवर मेंढीवरच संकट आलं होतं. जमीनदारांनी कुटुंबं हुसकून माळ कुंपणात घेतले, तिथे चेव्हियट आणि काळ्या तोंडाच्या मोठ्या मेंढ्या आणल्या. संकर वाढला तशी मानेची ती लोकर दुर्मीळ होत गेली. क्रॉफ्टवाल्यांना १८८६ च्या कायद्याने कुळाचा हक्क मिळाला आणि १९२७ मध्ये शुद्ध जातीची वंशावळ ठेवणारी मेंढपाळांची संस्था उभी राहिली. त्यांच्यामुळे मेंढी वाचली. जाळीच्या शालीची फॅशन मात्र यंत्राच्या लेसने आधीच मोडली होती. १९२०च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने शेटलंडच्याच फेअर आयल बेटाचा रंगीत स्वेटर घातला आणि सगळ्या सुया तिकडे वळल्या. रंगीत स्वेटरला गिरणीचं सूत चालतं. चरखे कोपऱ्यात गेले.

अंगठीतून जाणाऱ्या शालीखेरीज रोज वापरायची एक जाड शालही आहे, तिला तिथे ‘हॅप’ म्हणतात. तिचा मधला चौकोन साधा, किनारीला नैसर्गिक रंगांच्या लाटा. ती बाळाला गुंडाळायला, छातीवरून आडवी घेऊन मागे गाठ मारून शेतात जायला. अंगठीच्या शालीहून मला ही जास्त जवळची वाटते. अंगठीची शाल विणणारी स्वतः ती पांघरत नसे. हॅप तिच्या स्वतःच्या अंगावर असे.

२०१० मध्ये शेटलंडच्या प्राथमिक शाळांतले विणकामाचे तास बंद झाले. काही वर्षांतच बेटांवरच्या विणकरांनी स्वयंसेवेने शाळा सुटल्यावरचे वर्ग सुरू केले. मुलं-मुली कमरेला पट्टा बांधून शिकतात. २०११ मध्ये शेटलंडच्या देशी लोकरीला युरोपात भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं, त्यामुळे मेंढी आणि लोकर दोन्हींना आता नाव आहे. अडलं आहे ते कातण्यापाशी. जुन्या शालींच्या जाडीचं सूत हाताने काढू शकणारी माणसं आज फार थोडी आहेत, आणि त्या सुताशिवाय विणलेली शाल नक्षीने तीच असली तरी अंगठीतून जात नाही.